पान एक हजार पाच, ओळ तिसरी

मित्रांनो, मी एक जुनी संख्या आहे. तशा आम्ही सगळ्याच जुन्या. आमच्यात कालची, परवाची असे काही नसते. आम्हाला कुणी ओतत नाही, रंधा मारून गुळगुळीत करत नाही. तरीही कागदावर पहिल्यांदा लिहिली गेले तो माझा जन्म असे धरले, तर मी आता साठी ओलांडली आहे. माझे नाव नव्वद लाख छत्तीस हजार अकरा. आकड्यांत लिहायचे तर ९०,३६,०११. जिथे जिथे मला कुणी लिहितो तिथे तिथे मी असते, म्हणून माझ्या जन्मानंतरचे सगळे मला पाहता आले; आधीचे कानावर पडले. आपली कहाणी सांगणारे बहुधा पराक्रमापासून सुरुवात करतात. मला ती सोय नाही. ‘नाव मोठे, लक्षण खोटे’ असे कुणी म्हणाले की आजही मला वाटते, हा माझ्याकडेच बघून बोलतोय.

माझे लक्षण आधीच सांगून टाकते, म्हणजे मागाहून लपवाछपवी नको. मूळ संख्या तुम्ही शाळेत शिकला असाल. जिला एक आणि ती स्वतः यांखेरीज कुणाचाही पूर्ण भाग जात नाही, ती मूळ संख्या. सात, तेरा, एकोणीस या तशा. मी तशी नाही. माझ्या पोटात दोन मूळ संख्या दडलेल्या आहेत, ३००१ आणि ३०११. विश्वास नसेल तर गुणून पाहा, मी थांबते. तीन हजार अकराची तीन हजार पट म्हणजे नव्वद लाख तेहतीस हजार. त्यात आणखी एकदा तीन हजार अकरा मिळवा. आले ना माझे नाव? आता यात लाजण्यासारखे काही नाही. बहुतेक संख्या अशा कुणाच्या तरी गुणाकारानेच झालेल्या असतात आणि सुखाने राहतात. मला लाज वाटते ती याची, की अठरा वर्षे मी मूळ संख्या म्हणून मिरवले, आणि त्याची शिक्षा भलत्याच माणसाला झाली.

ही गोष्ट एका मास्तरांच्या घरातली आहे. मास्तर शाळेत गणित शिकवत आणि घरी आले की कोष्टक करत. त्या काळी मोठी संख्या फोडायची म्हणजे दिवसाचे काम असे. घड्याळाच्या चाकांचे दाते ठरवणारे कारागीर, नकाशे मोजणारे, परीक्षेचे प्रश्न काढणारे, सगळ्यांनाच ती अडचण. म्हणून मास्तरांनी ठरवले, की एकपासून नव्वद लाखांपर्यंतच्या संख्यांचे पुस्तक करायचे. पुस्तक उघडावे, आपली संख्या शोधावी, तिच्यासमोर तिचा सर्वांत लहान मूळ अवयव छापलेला असावा. आणि जिला असा अवयवच नाही, तिच्यासमोर एक छोटी आडवी रेघ. ती रेघ म्हणजे आमच्यातला मोठा मान. रेघवालीकडे बाकीच्या संख्या जरा वर मान करूनच बघतात.

त्यांची पद्धत अशी होती. एका पानावर नऊ हजार संख्या. दोन, तीन आणि पाच यांनी भाग जाणाऱ्या आधीच वगळलेल्या, कारण त्या पोरालाही ओळखता येतात. उरलेल्यांच्या चौकोनी घरांवर एकेक पुठ्ठा नेमका सरकवून बसवायचा. सातचा पुठ्ठा, अकराचा पुठ्ठा, तेराचा पुठ्ठा. जिथे जिथे त्या संख्येचा भाग जातो तिथे पुठ्ठ्याला भोक. भोकातून रिकामे घर दिसले की त्यात तो आकडा लिहायचा. लहान संख्यांचे पुठ्ठे चाळणीसारखे, मोठ्यांच्या पुठ्ठ्याला एखाददुसरेच भोक. सगळे पुठ्ठे फिरून गेल्यावरही जे घर कोरे राहील, त्यात रेघ ओढायची.

पुठ्ठे किती लागतील, यालाही नियम आहे. एखादी संख्या दोन भागांत फुटत असेल, तर त्यांतला धाकटा भाग तिच्या वर्गमुळापेक्षा मोठा असू शकत नाही. दोन्ही मोठे झाले तर गुणाकारच संख्येपेक्षा मोठा होईल. नव्वद लाखांचे वर्गमूळ बरोबर तीन हजार. म्हणजे तीन हजारांच्या आतल्या मूळ संख्यांचे पुठ्ठे झाले की भागले. सातपासून दोन हजार नऊशे नव्व्याण्णवपर्यंत हे पुठ्ठे भरतात चारशे सत्तावीस.

ते सगळे कापले मास्तरांच्या लेकीने. काम सुरू झाले तेव्हा ती वीस वर्षांची होती. तिची आई आधीच गेलेली. घरात ही दोघेच. सकाळी घरकाम, दुपारी पोलादी पट्टी आणि चाकू घेऊन ती खिडकीपाशी बसे. तिच्या उजव्या अंगठ्याला घट्टा पडला होता. मैत्रिणींची मुले शाळेत जाऊ लागली तेव्हा ही एक हजार तीनशे एकसष्टच्या पुठ्ठ्यावर होती, आणि कुणी लग्नाची चौकशी केली की हसून पुठ्ठ्याचा तो आकडाच उत्तर म्हणून देई. एक भोक जरी केसभर सरकले तरी शेकडो संख्यांची नावे बदलतील, म्हणून प्रत्येक पुठ्ठा ती दोनदा तपासे आणि मग वडिलांसमोर ठेवी. मास्तर चष्म्यावरून बघत आणि ‘हं’ म्हणत. त्यांचा ‘हं’ म्हणजे शंभरपैकी शंभर.

शेवटचा पुठ्ठा झाला त्या दिवशी मास्तर म्हणाले, “चारशे सत्तावीस. संपलं बघ. आता याच्यापुढं पुठ्ठा नाही.” तेव्हापासून घरात कुठलेही काम पुरे झाले की ‘चारशे सत्तावीस’ म्हणायची सवयच लागली. भांडी घासून झाली, चारशे सत्तावीस. चादरींच्या घड्या झाल्या, चारशे सत्तावीस. सवय गोड होती, पण पुढे त्या सवयीनेच घात केला.

चौदा वर्षांनी हजार पाने तयार झाली. प्रस्तावनेत मास्तरांनी खूप जणांचे आभार मानले होते. शेवटून दुसऱ्या ओळीत लिहिले होते, ‘पुठ्ठे माझ्या मुलीने कापले.’ बस, एवढेच. नावसुद्धा नाही. तिने ती ओळ वाचली आणि कागद गठ्ठ्यात लावला.

आता माझ्या जन्माची वेळ जवळ आली. छापखान्यात आठ आठ पानांचा एक फर्मा छापतात. कोष्टकाची हजार पाने आणि सुरुवातीची दहा, अशी एक हजार दहा. आठाने भागून पाहा, शेवटच्या फर्म्यात दोन पाने भरतात आणि सहा कोरी राहतात. छापखान्यातला जुळारी, म्हणजे शिशाचे खिळे ओळीने जुळवणारा कारागीर, निरोप घेऊन आला. “मालक म्हणतात, सहा पानं कोरी जातायत. काही घालायचं असेल तर दोन आठवड्यांत द्या.” मास्तर म्हणाले, “कोरी कशाला सोडायची? पुढच्या संख्या घालू.” आणि नव्वद लाखांच्या पुढे आणखी चोपन्न हजार संख्यांची सहा पाने आखली गेली. मित्रांनो, माझा जन्म हा असा. मी कुणाला हवी होते म्हणून जन्माला आले नाही. कोरी जागा भरायला आले. हे सांगतानाही मला खाली बघावेसे वाटते.

एक हजार पाचव्या पानावर, पहिल्या स्तंभात, तिसऱ्या ओळीत माझे घर. त्याच पानावरच्या ९०,३६,००१ हिला तेराने पकडले. माझ्या खालच्या ९०,३६,०१३ हिला तर सातनेच उचलले, बिचारीचे पहिल्याच पुठ्ठ्याला नाव लागले. माझ्यावरून एकेक पुठ्ठा जात होता आणि भोक काही माझ्यावर येत नव्हते. शेवटचा दोन हजार नऊशे नव्व्याण्णवचा. त्याचे भोक माझ्या चोवीस संख्या अलीकडे, आधीच्या पानावर पडले आणि तो पुढे निघून गेला. माझे घर कोरे राहिले. लेकीने लेखणी उचलली आणि माझ्यासमोर रेघ ओढली.

तुमच्या लक्षात आले असेल, चूक कुठे झाली. नव्वद लाखांसाठी तीन हजारांपर्यंतचे पुठ्ठे पुरत होते. पण संख्या पुढे सरकल्या तसे त्यांचे वर्गमूळही तीन हजारांच्या किंचित पुढे सरकले, आणि तीन हजारांच्या पुढे लगेच तीन हजार एक ही मूळ संख्या उभी आहे. आणखी एकच पुठ्ठा हवा होता. चारशे अठ्ठाविसावा. त्या सहा पानांत त्याच्याविना निसटलेल्या आम्ही दोघीच, ९०,०६,००१ आणि मी.

त्यातली ती पहिली पकडली गेली. पाने द्यायच्या दिवशी लेक शेवटची नजर फिरवत होती. जुळारी उंबऱ्यावर उभा होता, कारण यंत्र थांबले होते आणि मालकाने त्याला पिटाळले होते.

ती म्हणाली, “बाबा, हा तर तीन हजार एकचा वर्ग आहे. याच्यापुढं रेघ आलीय.”

मास्तरांनी बघितले. त्यांनी रेघ खोडून तिथे ३००१ लिहिले. “बरं झालं पाहिलंस.”

“मग तीन हजार एकचा पुठ्ठा करायला हवा. दोन दिवस द्या मला.”

“एका वर्गासाठी पुठ्ठा? तो तर धरला आपण. पुढचा गुणाकार कुठल्या कुठं जातो. या सहा पानांत नाही येत काही.”

“करून बघू का?”

मास्तरांनी उंबऱ्याकडे पाहिले, मग गठ्ठ्याला दोरा बांधला. “नको. चारशे सत्तावीस.”

तो पुढचा गुणाकार म्हणजे मी. तीन हजार एक गुणिले तीन हजार अकरा; मास्तरांना तोंडी जमला असता. पण चौदा वर्षे ज्या माणसाने अंदाजपंचे दाहोदरसे कधी केले नाही, त्याने त्या एका क्षणी केले. मी गठ्ठ्यातच होते. संख्येला तोंड नसते, म्हणून मी बोलले नाही, असे मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगत आले. खरे सांगू? तोंड असते तरी मी उघडले नसते. रेघ मला फार आवडली होती.

पुस्तक निघाले आणि गाजले. जो तो म्हणे, एकही चूक नाही. शहरात गणिताची आवड असलेल्यांचे एक मंडळ होते. त्यांनी ठरवले, मंडळाच्या दारावर एक मोठी मूळ संख्या पितळी आकड्यांत बसवायची. पुस्तक चाळता चाळता अध्यक्षांचे बोट माझ्यावर थांबले. नव्वद, छत्तीस, अकरा. म्हणायला सोपी, लक्षात राहायला सोपी. पाटी लावली त्या दिवशी ते भाषणात म्हणाले, “ही संख्या पाहा. सातापुढं वाकली नाही, तेरापुढं वाकली नाही, कुणाचाही भाग तिला गेला नाही. आपल्या सभासदानं असं असावं.” लोकांनी टाळ्या वाजवल्या. पहिल्या टाळीला माझी छाती फुगली. दुसऱ्या टाळीला माझ्या पोटातल्या दोघी हलल्यासारख्या वाटल्या. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले, आणि तरी मी पितळेत चमकत राहिले. ताकास तूर लागू दिली नाही.

अठरा वर्षे हे चालले. मास्तर थकले, ब्याऐंशी वर्षांचे झाले. लेकीचे केस पांढरे झाले. ती मंडळाची सभासद होती, सगळ्यांत मागच्या रांगेत बसे, इतरांच्या गुणाकारातल्या चुका कागदाच्या तुकड्यावर लिहून हळूच पुढे पाठवी. मग एका सभेत ठराव झाला, की कोष्टकाचा दुसरा खंड काढायचा, एक कोटीपर्यंत. काम तिचे, आणि पुस्तकावर नावही तिचे. घरी येऊन तिने चहा टाकला आणि तो उकळेपर्यंत एका कोऱ्या कागदावर आपले पूर्ण नाव लिहून पाहिले. मुखपृष्ठावर असते तसे, मधोमध. पट्टीने दोन्ही बाजूंचा समास मोजला. मग हसून कागद घडी करून डब्याखाली ठेवला. मास्तरांनी ते पाहिले होते. ते ‘हं’ म्हणाले.

ती पहिला पुठ्ठा कापायला घेणार, तोच मंडळाच्या पत्त्यावर एक पोस्टकार्ड आले. लिहिणारा दूरच्या गावचा घड्याळजी होता. दुकानात गिऱ्हाईक नसले की मोठमोठ्या संख्यांचे वर्ग काढत बसायचा त्याला नाद. कार्डावर चार ओळी होत्या. ‘तीन हजार सहाचा वर्ग नव्वद लाख छत्तीस हजार छत्तीस. त्यातून पंचवीस वजा केले की आपल्या दारावरची संख्या येते. पंचवीस हा पाचाचा वर्ग. पुढचे आपणांस सांगायला नको.’

तुम्हाला मात्र सांगायला हवे. एका वर्गातून दुसरा वर्ग वजा केला की उरलेल्या संख्येचे दोन भाग आपोआप हाती येतात. तीन हजार सहातून पाच वजा करा, एक भाग. पाच मिळवा, दुसरा भाग. तीन हजार एक आणि तीन हजार अकरा. हातच्या कांकणाला आरसा कशाला? पंचवीसच पावलांवर एवढा मोठा वर्ग उभा होता आणि त्याच्या आडोशाने मी अठरा वर्षे मूळ म्हणून बसले होते.

मंडळाची सभा बोलावली गेली. अध्यक्षांनी फळ्यावर गुणाकार मांडला. खडूचा आवाज तेवढा येत होता. उत्तर आले, मी आले. कुणीतरी विचारले, “पण ही चूक राहिलीच कशी?” अध्यक्षांनी प्रस्तावना उघडली, बोट खाली खाली नेले आणि वाचले, “पुठ्ठे माझ्या मुलीने कापले.” सगळ्या माना मागच्या रांगेकडे वळल्या. मग पुढे मास्तरांकडे वळल्या. मास्तर पहिल्या रांगेत होते, हातातली काठी त्यांनी घट्ट धरली होती.

मागे वळून लेकीच्या हाताकडे बघत ते म्हणाले, “हो. पुठ्ठे तिचेच होते.”

यातला प्रत्येक शब्द खरा होता. खरे बोलूनही माणूस खोटे बोलू शकतो, हे मला त्या दिवशी कळले. मला तर ते आधीच कळायला हवे होते, कारण इतकी वर्षे मीही तोंडाने काही खोटे बोलले नव्हते. लेक उठली नाही. समोरच्या खुर्चीच्या पाठीवर तिने अंगठा टेकवला होता, तो घट्ट्याचा. ठराव झाला, की दुसऱ्या खंडाचे काम अधिक काळजी घेणाऱ्या माणसाकडे द्यावे, आणि पहिल्या खंडाच्या शिल्लक प्रतींत शुद्धिपत्र चिकटवावे. मजकूर मास्तरांनी द्यावा, चिकटवायचे काम त्यांच्या मुलीने करावे. वड्याचे तेल वांग्यावर गेले. दुसऱ्या दिवशी दारावरचे माझे पितळी आकडे स्क्रू काढून उतरवले. मला त्याचे काही वाटले नाही. उलट, माझ्याबरोबर तिचेही काहीतरी उतरवले जात होते, त्याने जीव तुटत होता.

शुद्धिपत्र लिहायला मास्तर बसले, पण हात कापत होता. तेव्हा त्यांनी सांगितले आणि लेकीने लिहिले. ‘पान १००५, पहिला स्तंभ, ओळ तिसरी : रेघेऐवजी ३००१ असे वाचावे. पुठ्ठे कापणाऱ्या व्यक्तीच्या नजरचुकीबद्दल दिलगीर आहोत.’ मी त्या ओळीत नव्हते, पण तो कागद ज्या पुस्तकावर ठेवून ती लिहीत होती, त्यात होते. सांगताना मास्तर भिंतीकडे बघत होते. तिने मजकूर जसाच्या तसा उतरवला, शाई टिपली आणि कागद छापखान्यात पाठवून दिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो जुळारी स्वतः आला. तोही आता म्हातारा झाला होता, पुढच्या महिन्यात घरी बसणार होता. तो त्याच उंबऱ्यावर उभा राहिला.

“मास्तर, पहिली ओळ जुळवली. दुसरी जुळत नाही.”

“का? खिळे संपले?”

“खिळे आहेत सगळे. पण त्या दिवशी मी इथंच उभा होतो. ताई म्हणाल्या होत्या, पुठ्ठा करते. दोन दिवस मागत होत्या. घाई आमची होती. लिहायचंच तर आमचं लिहा, छापखान्याचं. ताईंवर मी नाही जुळवणार.”

मास्तरांचा आवाज चढला. “तू अक्षरं जुळव. अर्थ आम्ही बघतो.”

“अर्थ तुम्हीच बघा, मास्तर. म्हणून तर कागद परत आणलाय.” त्याने कागद टेबलावर ठेवला, त्यावर दौत ठेवली, उडू नये म्हणून, आणि चहालाही न थांबता निघून गेला.

लेक आतल्या दारात उभी होती. तिने सगळे ऐकले होते. मास्तरांनी विचारले, “तू सभेत का नाही बोललीस?”

“तुम्ही समोर बसला होतात.”

“म्हणून काय झालं? सांगायचं होतंस, बाबा विसरले म्हणून.”

“विसरला होतात का तुम्ही?”

मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, घातला, पुन्हा काढला. “नाही,” ते म्हणाले. “आठवत होतं मला. तुझ्या अंगठ्याकडं बघून बोललो मी. लाज वाटली नाही मला तेव्हा. आता वाटतेय.”

तिने नवा कागद समोर ठेवला. मास्तरांनी या वेळी तिच्या हाती लेखणी दिली नाही. कापऱ्या हाताने स्वतः लिहिले. पाच ओळींना तास लागला. पहिली ओळ तीच. खाली त्यांनी लिहिले, ‘या कोष्टकाचे चारशे सत्तावीस पुठ्ठे’ आणि मग तिचे पूर्ण नाव, ‘हिने कापले. त्यांत दोष नाही. आणखी एक पुठ्ठा करायला हवा असे तिने सांगितले होते. मी नको म्हटले. चूक माझी आहे.’ आणि सही.

शुद्धिपत्रात असे कुणी लिहीत नाही. अध्यक्षांनी तसे कळवलेही, की शुद्धिपत्र संख्यांबद्दल असते, माणसांबद्दल नसते. जुळाऱ्याने तो निरोप ऐकून घेतला आणि पाचही ओळी जुळवल्या. तीनशे बारा चिठ्ठ्या छापून आल्या. लेकीने खळ शिजवली आणि प्रत्येक पुस्तकाचे एक हजार पाचवे पान उघडून कडेला एकेक चिठ्ठी लावली. पहिली चिठ्ठी लावताना तिने आपल्या नावावरून बोट फिरवले. शाई सुटत नाही ना, ते बघत असावी. माझ्यासमोर ती पुन्हा पुन्हा येत होती, तीनशे बारा वेळा, आणि दर वेळी मला वाटे, ही आता मला काहीतरी बोलेल. तिने एकदाही मला नाव ठेवले नाही. बोलली असती तर बरे झाले असते.

चिठ्ठी वाचल्यावर मंडळाने दुसऱ्या खंडाचे काम पुन्हा तिच्याकडे दिले. एक कोटीपर्यंत जायला आणखी सोळा पुठ्ठे लागत होते. तिने तीन हजार एकपासून सुरुवात केली, सोळाही कापले, शंभरावर पाने भरली. मास्तर तेवढे दिवस राहिले नाहीत. पाने पुरी झाली तोवर अशी यंत्रे आली, की जी मला डोळ्याचे पाते लवायच्या आत फोडतात. कोष्टक छापायला कुणी तयार होईना. तिने पाने बांधून कपाटात ठेवली. तिच्यामागे त्या कपाटाचे काय झाले, मला माहीत नाही.

मित्रांनो, माझी लाज अजून गेलेली नाही. तुम्हाला माझी कहाणी आवडली असेल तर माझ्यासाठी एक करा. एखाद्या ग्रंथालयात, खालच्या फळीवर, ते जाडजूड पुस्तक तुमच्या हाती लागले तर पान एक हजार पाच उघडा. माझ्यासमोरची रेघ दिसेल. ती खोडू नका, ती माझी आहे, मलाच वागवू द्या. पण कडेची चिठ्ठी जागेवर आहे का ते पाहा. खळ जुनी झाली की सुटते. कोपरा उचलला असेल तर थोडी खळ लावून दाबून धरा. चिठ्ठीच नसेल तर पुस्तक हलकेच उलटे करून झटका, मागची पुढची पाने चाळा, फळीच्या खाली वाकून बघा. माझे अवयव तुम्हाला आता कुणीही चुटकीसरशी सांगेल. तिचे नाव मात्र त्या चिठ्ठीखेरीज कुठेही छापलेले नाही.